स्वर उतरविण्याचें गणित

संगणक घरोघरीं आल्यापासून ध्वनिमुद्रित गाण्यावर नाना प्रकारचे संस्कार करण्याची शक्ति सामान्य माणसाच्या हातीं आली आहे. पूर्वी ज्या कामाला ध्वनिमुद्रणगृह, महागडीं यंत्रें आणि तज्ज्ञ माणूस लागत असे, तें काम आतां एखादा शाळकरी मुलगा जेवणाचीं पानें मांडलीं जाईपर्यंत उरकतो. या शक्तीबरोबर अलीकडे एक नवीन हौसहि फैलावली आहे. ती म्हणजे ‘४४०’चें संगीत ‘४३२’मध्यें उतरविण्याची. या दुसऱ्या आंकड्यांत मनःशांति आहे, आरोग्य आहे, सृष्टीशीं मेळ आहे, असें सांगणारे पुष्कळ भेटतात. आणि हें रूपांतर करणारीं साधनें तर फुकट मिळतात. तेव्हां हे आंकडे कशाचे, तें साधन नेमकें काय करतें, आणि ज्या गाण्यावर तें चालवावयाचें तें गाणें मुळांत कोणत्या स्वरांत आहे, या तीन प्रश्नांचा विचार करणें युक्त होईल. यांपैकीं तिसरा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं, आणि खरी मेख तेथेंच आहे.

ध्वनि म्हणजे कंपन. तंबोऱ्याची तार एका सेकंदांत जितक्या अधिक वेळां कांपेल, तितका तिचा स्वर उंच. एका सेकंदांतील कंपनांची संख्या ‘हर्ट्झ’ या मापानें सांगतात. पेटीवरील पांढरी एक ही पाश्चात्त्यांची ‘सी’ मानली, तर पांढरी सहा हा त्यांचा ‘ए’ स्वर होय. मधल्या सप्तकांतील या ‘ए’ची कंपनसंख्या एकदां ठरली, कीं बाकीचे सर्व स्वर तिच्या प्रमाणांत आपोआप ठरतात. ४४० काय किंवा ४३२ काय, हा आंकडा या एकाच स्वराचा आहे. दहा वाद्यांनीं एकत्र वाजावयाचें, तर सर्वांनीं एकाच स्वराला जुळवून घेतलें पाहिजे. त्या सोयीसाठीं केलेला हा करार आहे. शेर आणि वार यांच्यासारखेंच हें एक माप.

युरोपांत हें माप कधींच स्थिर नव्हतें. जॉन शोअर या इंग्रज तुतारीवादकानें १७११ साली नादकाटा बनविला आणि स्वर बरोबर घेऊन फिरण्याची सोय झाली. हँडेलच्या नांवानें ओळखला जाणारा १७५१ सालचा नादकाटा सेकंदाला ४२२.५ कंपनें देतो. एकोणिसाव्या शतकांत वाद्यवृंदाचा नाद अधिक झगझगीत व्हावा म्हणून स्वर वर वर चढूं लागला आणि तारसप्तकांत गाणाऱ्या गायकांचे गळे मेटाकुटीस आले. तेव्हां फ्रान्सच्या सरकारनें १८५९ साली ४३५ हा आंकडा कायद्यानें ठरविला. इटलींत वेर्दी या श्रेष्ठ संगीतकारानें १८८४ साली ४३२चा पुरस्कार केला, तो गायकांच्या गळ्यांकडे पाहून. पुढल्याच वर्षीं व्हिएन्ना येथील परिषदेनें ४३५चीच निवड केली. अखेर मे १९३९मध्यें लंडनच्या परिषदेंत ४४० हें माप मान्य झालें, आणि आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनें १९५५ साली तें शिफारस म्हणून व १९७५ साली मानक म्हणून प्रसिद्ध केलें.

४४०च कां, याचें एक कारण नभोवाणीच्या यंत्रशाळेंतून आलेलें आहे. इंग्लंडांत ४३९चाहि पक्ष होता. परंतु ब्रिटिश नभोवाणीचा प्रमाणस्वर दहा लक्ष कंपनांच्या स्फटिकापासून काढीत असत. त्यापासून प्रथम १००० कंपनें मिळवावयाचीं, तीं ११नें गुणावयाचीं आणि २५नें भागावयाचीं, कीं ४४० हाती येतात. ४३९ ही मूळ संख्या असल्यामुळें अशा लहानसहान गुणाकार-भागाकारांतून ती निघेना. ४४० हा आंकडा जर्मनींतील नाझी राजवटीनें लोकांचीं मनें बिघडविण्यासाठीं जगावर लादला, अशी एक वदंता ऐकूं येते. ती निराधार आहे. योहान शायब्लर यानें १८३४ साली, म्हणजे ती राजवट येण्यापूर्वी जवळजवळ शंभर वर्षें, जर्मनींतच श्टुटगार्ट येथें ४४०ची शिफारस केलेली होती.

मग ४३२मध्यें कांहीं निसर्गदत्त गुण आहे काय? या पक्षाचे लोक म्हणतात कीं, ‘ए’ ४३२ धरला म्हणजे ‘सी’ २५६ येतो, आणि २५६ ही दोनाची आठ वेळां गुणून येणारी सुंदर संख्या आहे. पंचमांच्या परंपरेनें स्वर लावले तर हें खरें आहे. परंतु आजच्या पेटीच्या व पियानोच्या समविभागी स्वरग्रामांत ‘ए’ ४३२ असतां ‘सी’ २५६.८७ येतो. पुन्हां, कंपनें मोजावयाचीं तीं सेकंदांत, आणि सेकंद हें माणसानें पाडलेलें माप आहे. आपल्या जुन्या गणनेंत अहोरात्राच्या साठ घटका, घटकेचीं साठ पळें आणि पळाचीं साठ विपळें. या हिशेबानें विपळ म्हणजे सेकंदाचे चार दशांश. आतां विपळावर कंपनें मोजलीं, तर ४४०चा स्वर बरोबर १७६ कंपनें देतो आणि ४३२चा १७२.८. माप बदलतांच पूर्णांक एकाच्या पदरांतून निघून दुसऱ्याच्या पदरांत पडला! सृष्टीचें रहस्य असें घड्याळाच्या तबकडीवर अवलंबून राहत नसतें.

आरोग्याविषयींहि असेंच सबुरीनें बोललें पाहिजे. इटलींत ३३ जणांवर केलेला एक लहानसा प्राथमिक प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यांत ४३२चें संगीत ऐकतांना हृदयाचे ठोके सरासरीनें किंचित् कमी आढळले. रक्तदाबांतील फरक मात्र निर्णायक नव्हता. तेहतीस माणसांवरून औषध ठरत नाहीं. कोणाला किंचित् उतरलेला स्वर अधिक गोड वाटला तर तो त्याच्या आवडीचा भाग आहे, आणि आवडीला पुरावा लागत नाहीं. पण आवडीला औषधाचें नांव देऊन आजारी माणसाला तेवढ्यावर विसंबून ठेवणें हें मात्र अनिष्ट होय.

आतां साधनाकडे वळूं. या कामासाठीं सर्वांत परिचित साधन म्हणजे ‘ऑडॅसिटी’. अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांत डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनीं १९९९ साली त्याच्या रचनेस आरंभ केला आणि २००० साली तें लोकांसाठीं खुलें झालें. तें विनामूल्य तर आहेच, शिवाय त्याची अंतर्गत रचनाहि कोणालाहि पाहतां व सुधारतां येते. दुसरें ‘सॉक्स’ नांवाचें साधन आहे. त्याला चित्रें नाहींत, बटणें नाहींत; लेखी आज्ञा द्यावयाची आणि त्यानें ती पाळावयाची. शेंपन्नास गाण्यांवर एकच संस्कार करावयाचा असेल, तर तें सोयीचें पडतें.

कोणतेंहि साधन घेतलें तरी त्याच्यापुढील हिशेब एकच. ४३२ला ४४०नें भागलें कीं ०.९८१८२ येतात, म्हणजे प्रत्येक स्वराची कंपनसंख्या शेंकडा १.८१८नें कमी करावयाची. संगीतशास्त्राच्या सूक्ष्म मापांत एका अर्धस्वराचे शंभर भाग करून प्रत्येकाला ‘सेंट’ म्हणतात. त्या मापानें ही उतरण ३१.७७ सेंटची, म्हणजे अर्धस्वराच्या तिसऱ्या हिश्शाहूनहि कमी आहे. दोन्ही रूपें लागोपाठ ऐकलीं तर चांगल्या कानाला फरक कळतो. सकाळीं एक आणि संध्याकाळीं दुसरें ऐकलें तर फार थोड्यांना कळेल.

ही उतरण करण्याच्या रीति दोन आहेत, आणि त्यांतला भेद ध्यानांत न घेतल्यामुळेंच पुष्कळ घोटाळे होतात. पहिली रीत वेगाची. ग्रामोफोनच्या तबकडीवर बोट टेकून तिची गति मंद केली, कीं स्वर उतरतो आणि गाणेंहि लांबतें. ऑडॅसिटींतील ‘चेंज स्पीड अँड पिच’ हा प्रकार, ज्याला जुन्या आवृत्तींत नुसतें ‘चेंज स्पीड’ म्हणत, तेंच करतो. तेथें उणें १.८१८ हा शेंकडेवारीचा आंकडा भरला, कीं पांच मिनिटांचें गाणें पांच मिनिटें साडेपांच सेकंदांचें होतें. लय तेवढी संथ होते. परंतु नादाचा पोत जवळजवळ जसाचा तसा राहतो.

दुसरी रीत फक्त स्वराची. ‘चेंज पिच’ या प्रकारांत तोच आंकडा भरला असतां स्वर उतरतो, पण गाण्याची लांबी बदलत नाहीं. हें कसें साधतें? संगणक ध्वनीचे सेकंदाच्या अगदीं लहान अंशाइतके तुकडे पाडतो, ते एकमेकांवर किंचित् सरकवून सांधतो, आणि अशा रीतीनें स्वर न बदलतां गाणें आधीं आंखूड करतो. मग तें आंखूड गाणें सावकाश सोडलें, म्हणजे लांबी मूळपदावर येते आणि स्वर तेवढा खालीं बसतो. ही युक्ति चतुर आहे, पण फुकटची नाहीं. जेथें सांधा आला तेथें कांहीं तरी पुसटतें. तबल्याच्या चाटेचा टणत्कार बोथट होतो. तंबोऱ्याच्या जवारींतील बारीक झणत्कार धुरकट होतो. तेथेंच ‘उच्च प्रतीच्या ताणाचा’ एक पर्याय असतो. तो निवडल्यास काम मंद चालतें, परंतु हा दोष बराच कमी होतो. ३२ सेंटच्या उतरणींत तो पुष्कळांना जाणवणारहि नाहीं; दोनतीन पूर्ण स्वरांची उतरण केली तर मात्र गायिकेचा गळा ओळखूं येईनासा होतो.

येथवर साधनाचा गुणधर्म झाला. पण साधनाला एक गोष्ट कळत नाहीं. त्याला गुणाकार येतो. गाणें मुळांत कोणत्या स्वराला जुळविलेलें आहे हें तें विचारीत नाहीं. ‘४४०चें ४३२ करा’ असें सांगितल्यावर तें केवळ ०.९८१८२नें गुणतें. मूळ गाणें ४४०चें असेल तरच उत्तर ४३२ येईल. युरोपांतील पुष्कळ वाद्यवृंद ४४२ अथवा ४४३ला वाद्यें जुळवितात. त्यांचें मुद्रण या गुणाकारांतून ४३४ अथवा ४३५वर येऊन थांबेल. बाख आणि त्याच्या काळच्या संगीताचे वादक आज बहुधा ४१५चा स्वर धरतात; तें संगीत कोणी न पाहतां उतरविलें तर तें ४०७वर जाऊन पडेल. वर ‘४३२’ची चिठ्ठी चिकटविली म्हणून आंतला माल बदलत नाहीं.

हिंदुस्थानी संगीताच्या बाबतींत तर हा प्रश्न मुळापासूनच निराळा होतो. आपल्या गायकाचा षड्ज कोणत्याहि परिषदेनें ठरविलेला नाहीं. ज्याचा जसा गळा, तसा त्याचा षड्ज. एकाची पट्टी काळी एक, तर दुसऱ्याची काळी चार. आणि केवळ तंबोऱ्यावर गाणारा गवई या दोन पट्ट्यांच्या फटींतहि आपला षड्ज सुखानें लावतो. पेटीची साथ असेल तर पेटीचे स्वर पक्के असल्यामुळें तंबोरा तिला जुळवून घ्यावा लागतो, आणि मग त्या पेटीचें जें माप तेंच मैफलीचें माप. परंतु जेथें सारंगी आणि तंबोरा एवढीच साथ आहे, तेथें ४४०चा संबंधच येत नाहीं. जें ४४०मध्यें कधीं नव्हतेंच, तें ४३२मध्यें कसें न्यावयाचें? अशा ख्यालावर हा संस्कार केला, तर एवढेंच होतें कीं गायकानें विचारपूर्वक लावलेला षड्ज कोणी परक्या माणसानें तिसऱ्या हिश्शानें अर्धस्वर खालीं ओढला.

जुन्या तबकड्यांची गोष्ट याहूनहि नाजूक आहे. हिंदुस्थानांत गौहरजान हिच्या गाण्याचें व्यापारी ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यास झालें, आणि त्यानंतर अनेक गवयांचे व नाट्यगीतगायकांचे आवाज तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकड्यांत बद्ध झाले. या तबकड्यांना आपण सरसकट ‘७८ फेऱ्यांच्या’ म्हणतों. परंतु आरंभींच्या दशकांत मुद्रणाच्या वेळीं यंत्र मिनिटाला नेमके ७८ फेरे घेत होतें असें नाहीं. समजा, एखादी तबकडी ७६ फेऱ्यांवर मुद्रित झाली आणि संगणकांत उतरवून घेतांना ७८वर वाजविली. तर स्वर ४५ सेंटनीं, म्हणजे जवळजवळ पाव स्वरानें चढेल, लय चढेल, आणि गायकाचा आवाजहि किंचित् बारीक होईल. ज्या ३२ सेंटवरून एवढा वाद चालतो, त्याहून ही चूक मोठी आहे. येथें हें फुकट साधन खरोखर उपयोगी पडतें. त्या गायकाची पट्टी अन्य विश्वसनीय पुराव्यावरून माहीत असेल, तर वेगाच्या रीतीनें, आणि वेगाच्याच रीतीनें, गाणें मूळ जागीं आणतां येतें. कारण चूक वेगाची आहे. तिची दुरुस्तीहि वेगानेंच झाली पाहिजे. केवळ स्वर उतरविला आणि लय तशीच धांवती ठेवली, तर एक चूक जाऊन दुसरी कायम राहील.

स्वराच्या रीतीचें खरें क्षेत्र रियाजाचें आहे. एखाद्या मुलीला ध्वनिमुद्रित गाण्याबरोबर गावयाचें आहे आणि घरच्या पेटीशीं तें मुद्रण जुळत नाहीं. किंवा बांसरी ४४०ची आहे आणि साथीचें मुद्रण थोडें खालचें आहे. अशा वेळीं लय न बिघडवितां स्वर हवा तेथें आणून देणारें हें साधन म्हणजे न कंटाळणारा साथीदारच. मात्र आधीं मूळ मुद्रणाचें माप घ्यावें. ऑडॅसिटींत ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ नांवाची सोय आहे. तंबोऱ्याचा एकटा नाद किंवा पेटीचा लांबविलेला एक स्वर निवडून ती चालविली, कीं ध्वनीचा आलेख दिसतो, आणि त्यांतील शिखरावर खूण नेली असतां त्याची कंपनसंख्या वाचतां येते. हवी असलेली संख्या भागिलें मिळालेली संख्या, हेंच खरें गुणोत्तर. तें दुसऱ्या कोणाच्या कोष्टकांतून उसनें घेऊं नये.

ज्याला ४४० आणि ४३२ यांच्या गोडीचा निकाल स्वतःच्या कानानें लावावयाचा आहे, त्यानेंहि तो प्रामाणिक रीतीनें लावावा. एकाच गाण्याचीं दोन रूपें करावीं, दोहोंचा आवाज सारखा ठेवावा, आणि घरांतील दुसऱ्या कोणी तरी कोणतें रूप आहे हें न सांगतां तीं पुनःपुन्हां उलटसुलट क्रमानें वाजवावीं. दहा-वीस वेळां ऐकून नोंद करावी आणि शेवटीं ताळा पाहावा. नांव आधीं कळलें म्हणजे कान नांवाच्या मागें जातो. ही मनुष्यमात्राची संवय आहे.

शेवटची गोष्ट जपणुकीची. ‘एमपी३’ या प्रकारच्या धारिकेंत जागा वांचविण्यासाठीं ध्वनीचा कांहीं भाग आधींच गाळलेला असतो. ती उघडून, बदलून पुन्हां त्याच प्रकारांत ठेवली, कीं आणखी कांहीं गळतो. हें जितक्या वेळां करावें तितकी झीज वाढते. म्हणून बदललेलें रूप ‘वेव्ह’ अथवा ‘फ्लॅक’ या न गाळणाऱ्या प्रकारांत ठेवावें, आणि नांवांतच कोणत्या रीतीनें व किती बदललें तें लिहावें. मूळ धारिकेवर तें लिहिलें जाऊं नये, याची तर डोळ्यांत तेल घालून काळजी घ्यावी. बाजारांतल्या गाण्याची प्रत पुन्हां मिळेल. परंतु घरांतील आजीनें म्हटलेल्या ओव्या, गुरुजींनीं शिकवितांना मुद्रित केलेली बंदिश, अशी एकुलती एक ध्वनिफीत संगणकांत उतरवून घेतलेली असते, आणि ती मूळ फीत एव्हांना बुरशीनें गेलेली असते. त्या एका प्रतीवर उत्साहाच्या भरांत ‘४३२’चा हात फिरविला आणि मूळ पुसलें, तर आजीचा षड्ज कोणता होता हें पुढच्या पिढीला सांगणारें कांहींच उरत नाहीं. स्वराच्या रीतीनें केलेला बदल उलट फिरवून मूळ रूप जसेंच्या तसें परत मिळत नाहीं. सांध्यांत पुसटलेलें पुसटलेंच राहतें. अशीं बदललेलीं गाणीं इतरांना देतांना तीं बदललेलीं आहेत हें न सांगणें, हा तर गायकावरहि अन्याय होय.

तात्पर्य, ४४० आणि ४३२ हीं मोजण्याचीं मापें आहेत. त्यांत ना विष आहे ना अमृत. तीं बदलणारें साधन उत्तम आहे, फुकट आहे आणि आज्ञाधारक आहे. म्हणूनच त्याला आज्ञा देणाऱ्यानें आधीं मूळ स्वर मोजावा, मग रीत निवडावी, आणि मूळ प्रत बाजूला सुरक्षित ठेवून मगच हात लावावा. गवयाचा षड्ज ही त्याच्या गळ्याची सही आहे. ती वाचण्यासाठीं भिंग अवश्य घ्यावें. तिच्यावर शाई मात्र फिरवूं नये.